परफोर्स सर्व्हरशी पायथॉनमधून बोलायचंय: कमांडचा मजकूर फोडत बसू की पी४पायथॉन वापरू?

मुळाकाठ

आमच्याकडे सगळा कोड परफोर्सवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या सर्व्हरवर) आहे. प्रत्येक रिलीजच्या वेळी मधल्या काळातल्या चेंजलिस्टची (एकत्र सबमिट केलेल्या, म्हणजे सर्व्हरवर चढवलेल्या, बदलांच्या क्रमांकित गठ्ठ्यांची) यादी काढून रिलीज नोट्स बनवायच्या असतात आणि ते काम आता माझ्याकडे आलंय. आधीच्या माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट पायथॉनमधून 'पी४ चेंजेस' कमांड चालवते, स्क्रीनवर येतो तो मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनने फोडते आणि मग एकेका चेंजलिस्टसाठी 'पी४ डिस्क्राइब' चालवते.

अडचणी अशा. वर्णनात कोणी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं की ती ओळ चुकीच्या जागी तुटते. वर्णनं अर्धवटच येतात. चेंजलिस्ट जास्त असल्या की स्क्रिप्ट फार वेळ घेते. आणि रात्री आपोआप चालवली की कधीकधी लॉगिनवरच अडकते, सकाळी येऊन बघावं तर रिकामी फाइल.

परफोर्सचे क्लायंट एपीआय (प्रोग्रॅममधून सर्व्हरशी बोलायची सोय) आहेत हे वाचलंय, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही. सर्व्हर माझ्या ताब्यात नाही, मी साधा वापरकर्ता आहे. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी

पी४पायथॉनच (परफोर्सची पायथॉन लायब्ररी) वापरा, दुसरा विचारही करू नका. पिपने बसतं, वेगळं काही कंपाइल करावं लागत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही टर्मिनलवर जी 'पी४' कमांड चालवता, ती स्वतःसुद्धा परफोर्सच्या सी++ क्लायंट एपीआयवरच उभी आहे. सर्व्हरकडून येणारी माहिती मुळात नावं आणि किमती अशा जोड्यांत येते. कमांड तिची माणसाला वाचण्याजोगी ओळ करते आणि तुमची स्क्रिप्ट त्या ओळीतून तीच नावं-किमती परत शोधत बसते. मधली ही पायरी काढून टाकली की तुमच्या निम्म्या अडचणी तिथेच संपतात. पी४पायथॉनमध्ये टॅग्ड आउटपुट (अशा जोड्यांतलंच उत्तर) आपसूक चालू असतं. 'रन_चेंजेस' केलं की डिक्शनऱ्यांची यादी हातात येते: 'चेंज', 'टाइम', 'युजर', 'क्लायंट', 'स्टेटस', 'डेस्क'. वर्णनात अवतरणचिन्ह असो, नवी ओळ असो, काही फरक पडत नाही.

वर्णन अर्धवट येण्याचं कारण वेगळं आहे. 'चेंजेस' कमांड मुळातच वर्णनाची पहिली ३१ अक्षरं देते, एपीआयमधूनही तेवढीच. पूर्ण हवं असेल तर छोटा 'एल' पर्याय द्या. मोठा 'एल' दिलात तर २५० अक्षरांवर तुटतं. हे दोन पर्याय लोक नेहमी उलटसुलट करतात.

वेळ जातो तो बहुतेक जोडणीत. दर कमांडला नवी प्रोसेस, नवी जोडणी, एसएसएल असेल तर त्याची देवाणघेवाण, पुन्हा ओळख पटवणं. एपीआयमध्ये एकदा 'कनेक्ट' करायचं, त्याच जोडणीवर हव्या तितक्या कमांड चालवायच्या आणि शेवटी 'डिस्कनेक्ट'. शिवाय 'डिस्क्राइब'ला एका वेळी अनेक क्रमांक देता येतात. शंभर-शंभरच्या गठ्ठ्याने द्या. सोबत छोटा 'एस' पर्याय द्यायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक फाइलचा डिफही (ओळवार फरक) मागवला जातो आणि रिलीज नोट्ससाठी त्याचा उपयोग शून्य.

घाटमाथा

रात्रपाळी यांचं बरोबर आहे, पण 'पी४' कमांडलाच मोठा 'जी' पर्याय दिला तर तीसुद्धा पायथॉनच्या मार्शल स्वरूपात डिक्शनऱ्या देते. काहीही इन्स्टॉल करायला नको. बाहेरचं पॅकेज टाकायची परवानगी मिळत नाही अशा मशीनवर मी हेच वापरतो.

रात्रपाळी

@घाटमाथा, परवानगी नसेल तर तो मार्ग चांगलाच आहे, आणि मजकूर फोडण्यापेक्षा कितीतरी बरा. पण तीन गोष्टी अंगावर येतात. पायथॉन ३ मध्ये त्या डिक्शनरीच्या किल्ल्या (कीज, म्हणजे नावं) बाइट्स म्हणून येतात, त्यामुळे सगळीकडे डीकोड करत फिरावं लागतं. 'डिस्क्राइब'मधल्या फाइली 'डेपोफाइल०', 'डेपोफाइल१', 'डेपोफाइल२' अशा सुट्या येतात, त्यांची यादी आपण जुळवायची. पी४पायथॉन ती जुळवून देतं. आणि दर कमांडला नवी प्रोसेस लागतेच.

@मुळाकाठ, एक राहिलं. डिक्शनरीतल्या सगळ्या किमती स्ट्रिंग असतात. चेंजलिस्टचा क्रमांकही स्ट्रिंग, वेळही स्ट्रिंग. क्रमवारी लावण्याआधी आकड्यात बदला, नाहीतर ९९९९ हा १०००० च्या नंतर येऊन बसेल. 'टाइम'मध्ये १९७० पासूनचे सेकंद असतात, त्यामुळे सर्व्हर दुसऱ्या देशात असला तरी भारतीय वेळ तुम्हाला नीट काढता येते. छापील ओळीतली तारीख सर्व्हरच्या टाइमझोनप्रमाणे असते. मध्यरात्रीच्या आसपासचे सबमिट त्यामुळे एक दिवस मागेपुढे दिसतात.

स्वरा_क

पहिल्याच दिवशी अडखळायला होतं ती जागा सांगते. पी४पायथॉनमध्ये 'एक्सेप्शन_लेव्हल' नावाचं मूल्य असतं आणि ते मुळात २ असतं. २ म्हणजे एररवर एक्सेप्शन आणि वॉर्निंगवरही एक्सेप्शन. आता परफोर्सच्या लेखी 'फाइली आधीच अद्ययावत आहेत' ही वॉर्निंग आहे. म्हणजे सगळं काही ठीक असताना 'रन_सिंक' केलंत की स्क्रिप्ट एक्सेप्शन देऊन थांबते. दिलेल्या वाटेवर (पाथवर) एकही फाइल सापडली नाही, तेव्हाही तेच होतं.

मग लोक वैतागून ते मूल्य ० करतात. हे मात्र करू नका. ० केलं की खऱ्या एररही गिळल्या जातात आणि स्क्रिप्ट रिकामी यादी घेऊन आनंदाने पुढे जाते. तुमची सकाळची रिकामी फाइल अशाच एखाद्या कारणाने आलेली असू शकते. मूल्य १ ठेवा आणि प्रत्येक कमांडनंतर 'वॉर्निंग्ज' यादी लॉगमध्ये लिहा. एखाद्या ठराविक संदेशावर निर्णय घ्यायचा असेल तर 'मेसेजेस'मधल्या वस्तूंना क्रमांक असतो, तो तपासा. संदेशाचा इंग्रजी मजकूर तपासायला गेलात की पुन्हा मजकूर फोडण्याच्या धंद्यात आलात.

मुळाकाठ

रात्रपाळी, स्वराताई, मनापासून धन्यवाद. वर्णनं पूर्ण यायला लागली आणि अवतरणचिन्हांचा प्रश्नच उरला नाही. वेग इतका वाढला की आधी वाटलं काहीतरी गाळलं जातंय. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या, सगळं आहे.

आता पुढचं. आमच्या टीममध्ये रिलीजला लेबल लावतात. मागचं लेबल आणि आत्ताचं लेबल यांच्यामधल्या चेंजलिस्ट हव्यात. मी दोन लेबलांची रेंज देतोय, पण काही चेंजलिस्ट गायब आहेत आणि काही जुन्या उगाच येताहेत.

रात्रपाळी

लेबल म्हणजे काळातला एक क्षण नव्हे. कोणती फाइल कोणत्या आवृत्तीवर, एवढीच त्यात नोंद असते. एक फाइल सोमवारची आणि दुसरी गेल्या महिन्यातली, अशीही असू शकते. त्यामुळे 'या लेबलपासून त्या लेबलपर्यंत' या मागणीचा अर्थ तुम्हाला वाटतो तसा लागत नाही.

दोन उपाय. नव्या लेबलवर 'चेंजेस' चालवा, जुन्या लेबलवर चालवा आणि पायथॉनमध्ये दोन संचांची वजाबाकी करा. उत्तर बरोबर येतं, फक्त याद्या लांबलचक असतात. किंवा इथून पुढे लेबलच्या स्पेकमध्ये (माहिती भरायच्या फॉर्ममध्ये) 'रिव्हिजन' या रकान्यात चेंजलिस्टचा क्रमांक लिहा. असं लेबल म्हणजे त्या क्रमांकाचं टोपणनाव होतं, फाइलींची वेगळी यादी सर्व्हरला ठेवावी लागत नाही, आणि स्क्रिप्टला सरळ क्रमांकांची रेंज देता येते. रेंजमध्ये दोन्ही टोकं धरली जातात, तेव्हा सुरुवातीच्या क्रमांकात एक मिळवा.

जुना_खांब

मी सर्व्हरच्या बाजूचा माणूस आहे, बरीच वर्षं परफोर्सचे सर्व्हर सांभाळतोय. वरचं सगळं बरोबर आहे, पण सगळं क्लायंटच्या बाजूने आहे. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना कळकळीने काही सांगायचंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

परफोर्स १९९५ पासून एकाच विचारावर उभं आहे: कोणाच्या वर्कस्पेसमध्ये (त्याच्या मशीनवरच्या कामाच्या प्रतीत) कोणती फाइल कोणत्या आवृत्तीवर आहे, हे सर्व्हरला माहीत असतं. गिटमध्ये तुमच्याकडे पूर्ण इतिहास असतो, त्याच्यावर कितीही स्क्रिप्टा चालवा, इतर कोणाला झळ लागत नाही. इथे तुमची प्रत्येक कमांड सर्वांच्या सर्व्हरवर चालते. एपीआयमुळे तुम्ही वेगवान झालात, म्हणजे सर्व्हरला त्रास द्यायची तुमची क्षमताही वाढली.

पहिली गोष्ट, स्क्रिप्टला नाव द्या. पी४पायथॉनमध्ये 'प्रॉग' आणि 'व्हर्जन' ही दोन मूल्यं आहेत. जोडणीआधी तिथे 'रिलीज-नोट्स' आणि '१.२' असं काही लिहा. सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक कमांडपुढे वापरकर्ता, वर्कस्पेस, आयपी पत्ता आणि चौकटी कंसात हे नाव येतं. सर्व्हर रखडला की मी लॉग उघडतो. तिथे पायथॉनचं नुसतंच सरधोपट नाव असलेल्या ढिगाने ओळी दिसल्या तर कोणाला फोन करायचा? नाव दिसलं तर मी तुमची प्रोसेस मारण्याआधी तुम्हाला विचारू शकतो.

दुसरी गोष्ट, मर्यादा. ग्रुपच्या स्पेकमध्ये 'मॅक्सरिझल्ट्स', 'मॅक्सस्कॅनरोज', 'मॅक्सलॉकटाइम' अशा मर्यादा आम्ही घालतो. 'मागणी फार मोठी आहे' असा एरर आला की लोक थेट मेल करतात, मर्यादा वाढवा म्हणून. आधी आपली वाट बघा. सगळ्या डेपोंच्या (सर्व्हरवरच्या फाइलींच्या कोठारांच्या) मुळापासून तीन टिंबं (म्हणजे 'खालचं सगळं') देऊन मागताय का? तुमचा प्रोजेक्ट एका फांदीत (ब्रँचमध्ये) असेल तर ती फांदीच लिहा. मुळापासून मागितलेली यादी पायथॉनमध्ये गाळायची म्हणजे सर्व्हरला लाखो ओळी चाळायला लावायच्या आणि त्यातल्या थोड्याशा ठेवायच्या. त्या चाळणीच्या काळात काही टेबलांवर लॉक असतो आणि तेवढा वेळ सबमिट करणारी माणसं खोळंबतात.

तिसरी, वर्कस्पेस. ही माझी सर्वांत जुनी तक्रार. 'चेंजेस', 'डिस्क्राइब', 'फाइल्स', 'प्रिंट' या कमांडींना डेपोची पूर्ण वाट दिली की वर्कस्पेस लागतच नाही. रिलीज नोट्ससाठी वर्कस्पेस बनवूच नका. एखाद्या फाइलचा मजकूर हवा तर 'प्रिंट' करा. खरोखर फाइली डिस्कवर हव्या असतील तर पी४पायथॉनमध्ये 'टेंप_क्लायंट' आहे. नमुना वर्कस्पेस दिली की तिच्यावरून तात्पुरती बनते आणि काम संपलं की स्वतःच पुसली जाते. मी असे सर्व्हर पाहिलेत जिथे बिल्डच्या स्क्रिप्टांनी रोज नवी वर्कस्पेस बनवली आणि एकही पुसली नाही. प्रत्येक वर्कस्पेसच्या प्रत्येक फाइलची ओळ 'डीबी.हॅव' या टेबलात बसते. ते टेबल फुगत जातं, आणि त्याची किंमत त्या स्क्रिप्टशी काही संबंध नसलेली माणसं भरतात. कायमच्या बिल्ड वर्कस्पेससाठी 'रीडओन्ली' हा प्रकार आहे, त्याची नोंद वेगळ्या जागी राहते. तुमच्या ॲडमिनला विचारा, आनंदाने सांगेल.

मुळाकाठ

खांबकाका, हे सगळं कुठल्याच एका पानावर सापडलं नव्हतं. जुनी स्क्रिप्ट चेंजलिस्टची यादी काढायलाही वर्कस्पेस बनवत होती, ते आजच काढून टाकतो.

रात्रीच्या लॉगिनचं काय करावं? पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणं पटत नाही.

जुना_खांब

पटू नयेच. सर्व्हरची 'सिक्युरिटी' ३ किंवा वर असेल तर नुसत्या पासवर्डवर कमांडी चालणारही नाहीत, तिकीटच लागतं. 'लॉगिन' केलं की सर्व्हर तिकीट देतो आणि ते होम डिरेक्टरीतल्या तिकिटांच्या फाइलमध्ये बसतं. मुळात त्याची मुदत १२ तासांची. संध्याकाळी सहाला ऑफिसातून निघणाऱ्याने सकाळी नऊला लॉगिन केलं असेल तर रात्री नऊला तिकीट संपतं. तुमची स्क्रिप्ट 'कधीकधी'च अडकते त्याचं कारण बहुधा हेच: त्या दिवशी तुम्ही कधी लॉगिन केलंत, त्यावर ते ठरतं.

ॲडमिनकडे स्वयंचलित कामांसाठी वेगळं खातं मागा. ते वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवतात आणि त्या ग्रुपची 'टाइमआउट' अमर्याद करतात. त्या खात्याने त्या मशीनवर एकदा लॉगिन करायचं, बस. या खात्याला फक्त वाचायचा हक्क पुरतो.

घाटमाथा

इथे मी असहमत आहे. अमर्याद तिकीट म्हणजे न संपणारा पासवर्डच झाला. फाइल कोणाच्या हाती लागली तर?

जुना_खांब

@घाटमाथा, काळजी रास्त आहे. म्हणून तीन पथ्यं. हक्क फक्त वाचण्याचा, तोही त्याच फांदीपुरता आणि प्रोटेक्शन टेबलात (हक्कांच्या यादीत) आयपी पत्ता बांधून. तिकिटांची फाइल त्या खात्याशिवाय कोणाला वाचता येऊ नये. आणि 'लॉगिन'ला 'ए' पर्याय देऊ नये. तो दिला की तिकीट सगळ्या मशीनवरून चालतं, न दिला तर एकाच मशीनपुरतं राहतं. याउपर ॲडमिन कोणत्याही क्षणी त्या खात्याची सगळी तिकिटं रद्द करू शकतो. स्क्रिप्टमध्ये पासवर्ड लिहून ती स्क्रिप्ट डेपोतच सबमिट केलेली मी पाहिली आहे. तिथून तो सहजासहजी पुसला जात नाही.

घाटमाथा

आयपी बांधणं आणि एकाच मशीनपुरतं तिकीट, हे दोन्ही असेल तर मान्य. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

स्वरा_क

याला जोडून: काम सुरू करायच्या आधी स्क्रिप्टने 'लॉगिन'ला छोटा 'एस' देऊन तिकीट जिवंत आहे का विचारावं. टॅग्ड उत्तरात किती सेकंद उरलेत तेही येतं. नसेल तर तिथेच मोठ्याने अपयशी व्हावं, मेल पाठवावा, रिकामी फाइल लिहू नये. सर्व्हर एसएसएलवर असेल तर नव्या मशीनवर एकदा 'पी४ ट्रस्ट' करून सर्व्हरचा ठसा (फिंगरप्रिंट) साठवावा लागतो. तो ठसा ॲडमिनकडून विचारून ताडा. डोळे मिटून 'हो' म्हणू नका.

चिंचवडकर_जे

आम्ही जावामध्ये आहोत. आमच्यासाठी पी४जावा आहे आणि ते सी++ एपीआयवर बसलेलं नाही, प्रोटोकॉल थेट जावामध्येच लिहिलाय. नेटिव्ह लायब्ररी वागवावी लागत नाही हा मोठा फायदा. डॉटनेटचं मात्र सी++ वरच्या पुलावर चालतं. कोणत्याही भाषेत असा, प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र जोडणी द्या.

नदीपार

मराठी वाचकांच्या खास उपयोगाचं एक. आमच्या टीममध्ये काही जण चेंजलिस्टचं वर्णन मराठीत लिहितात. सर्व्हर युनिकोड मोडमध्ये नसेल तर तो बाइट्स जसेच्या तसे ठेवतो. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेलं देवनागरी पी४पायथॉन व्यवस्थित वाचतं, कारण ते मुळात यूटीएफ-८ च धरून चालतं. पण जुन्या विंडोज मशीनवरून कोणी वर्डमधलं वळणदार अवतरणचिन्ह चिकटवलं असेल तर ती एकच चेंजलिस्ट डीकोड होत नाही आणि सगळी यादी एक्सेप्शनमध्ये जाते. अशा वेळी 'एन्कोडिंग' या मूल्यात 'रॉ' लिहा. मग बाइट्स हातात येतात. आधी यूटीएफ-८ म्हणून वाचून बघा, नाही जमलं तर विंडोजच्या १२५२ म्हणून. सर्व्हर युनिकोड मोडमध्ये असेल तर जोडणीआधी 'चारसेट' यूटीएफ-८ करा, हा प्रश्न येत नाही. सर्व्हर त्या मोडमध्ये न्यायचा आग्रह मात्र ॲडमिनला विचार न करता धरू नका, तिथून परत फिरता येत नाही.

मुळाकाठ

नदीपार, अगदी नेमकं. आमच्या यादीत अशी चेंजलिस्ट निघाली, २०११ मधली.

वाचनाचा भाग आता रोज रात्री नीट चालतोय. वेगळं खातं मिळालं, 'प्रॉग'मध्ये नावही टाकलं. आता टीमला हवंय की तयार झालेली नोट्सची फाइल स्क्रिप्टनेच सबमिट करावी आणि चेंजलिस्टचा क्रमांक मेलमध्ये लिहावा. मी 'फेच_चेंज' करून 'सेव्ह_चेंज' करतो, तिथे मिळालेला क्रमांक मेलमध्ये घालतो आणि मग सबमिट करतो. मेलमधला क्रमांक आणि सर्व्हरवरचा क्रमांक कधी जुळतो, कधी नाही.

रात्रपाळी

सबमिट होण्याआधीचा क्रमांक कच्चा असतो. तुमची चेंजलिस्ट प्रलंबित असताना दुसऱ्या कोणी नवा क्रमांक घेतला असेल तर सबमिटच्या वेळी तुमच्या चेंजलिस्टला नवा, पुढचा क्रमांक मिळतो. सबमिट झालेले क्रमांक कालक्रमानेच चढते राहावेत म्हणून ही व्यवस्था आहे, आणि त्या चढत्या क्रमावरच तुमची रेंजची वजाबाकी उभी आहे. 'रन_सबमिट' जी यादी परत देतं तिच्यात 'सबमिटेडचेंज' नावाची किल्ली शोधा. तोच खरा क्रमांक. मेल त्याच्यानंतर पाठवा.

आणि 'सेव्ह_चेंज' करायची गरज नाही. 'फेच_चेंज'ने स्पेक घ्या, 'डिस्क्रिप्शन' भरा आणि तोच स्पेक थेट 'रन_सबमिट'ला द्या. त्या स्पेकच्या फाइलींच्या यादीत फक्त तुमची नोट्सची फाइल आहे ना हे बघा. डिफॉल्ट चेंजलिस्टमध्ये उघडं असलेलं सगळंच त्यात येतं.

जुना_खांब

आता सबमिट करणार म्हणजे वर्कस्पेस लागेल आणि लिहायचा हक्कही लागेल. हक्क त्या एका फाइलपुरता मागा, पूर्ण फांदीचा नको. वर्कस्पेसच्या व्ह्यूमध्येही (तिच्यात कोणत्या फाइली घ्यायच्या त्या यादीत) तेवढी एकच फाइल ठेवा. 'सबमिटऑप्शन्स'मध्ये न बदललेली फाइल रिव्हर्ट करणारा पर्याय निवडा, म्हणजे काही नवं नसलेल्या रात्री रिकामी आवृत्ती तयार होणार नाही. त्या रात्री सबमिट करायला काही उरत नाही म्हणून सर्व्हर एरर देईल. तो पकडा आणि त्या रात्री मेल पाठवू नका.

मुळाकाठ

फाइलपुरत्या हक्कासाठी आत्ताच ॲडमिनना लिहिलंय. स्पेक थेट 'रन_सबमिट'ला देऊन चाचणीच्या फांदीवर पाहिलं, 'सबमिटेडचेंज'मधला क्रमांक सर्व्हरशी जुळतोय. नोट्सच्या फाइलच्या नावात आम्ही ॲट चिन्ह वापरतो, तेवढी एकच फाइल 'ॲड' होत नाहीये. ते चिन्ह आवृत्तीसाठी राखीव असल्यामुळे का?

स्वरा_क

हो. ॲट, हॅश, तारांकन आणि टक्का ही चारही चिन्हं परफोर्सच्या वाटेत राखीव आहेत. 'ॲड' करताना छोटा 'एफ' पर्याय द्या आणि नाव जसं आहे तसं लिहा. पुढच्या सगळ्या कमांडींना मात्र सांकेतिक रूप द्यावं लागतं: ॲटच्या जागी टक्का-४०, हॅशच्या जागी टक्का-२३, टक्क्याच्या जागी टक्का-२५. सर्व्हरही 'डेपोफाइल'मध्ये हेच रूप परत देतो, तेव्हा मेलमध्ये नाव छापण्याआधी उलट बदलून घ्या. नाव बदलता येत असेल तर ॲट काढूनच टाका, पुढच्या माणसाचा वेळ वाचेल.